पाच घरांची एक भट्टी: आखाजीपूर्वीच्या एका भाजणीचा प्रकरण अभ्यास

गिरणाकाठच्या एका गावात कुंभारांची पाच घरं आहेत. आधी प्रत्येकाचा आवा वेगळा असायचा. मोकळ्या जागेत मडकी रचायची, भोवती-वर गोवऱ्या आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, घालायची, राख-मातीने झाकून पेटवायचं. उघड्या आव्यात आच झपाट्याने चढते आणि तशीच उतरते, त्यामुळे तूट ठरलेलीच. शिवाय पाच आव्यांना पाचपट जळण. म्हणून पाचही घरांनी मिळून एक गोल, उभ्या झोताची, म्हणजे खालून वर जाळ जाणारी, लाकडावर चालणारी भट्टी बांधली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दहा-बारा दिवस आधी तिच्यात झालेल्या सामूहिक भाजणीचा हा तपशील.

आखाजीचा माल म्हणजे घागरी आणि घागरीवर ठेवायचे छोटे लोटे. त्याच दिवसांत मांडे, म्हणजे खानदेशी पुरणपोळ्या, भाजायच्या मातीच्या खापरांचीही मागणी येते, आणि उन्हाळा असल्याने माठ चालतातच. या भाजणीत ३८ घागरी, १० माठ, २४ खापरं आणि १२० लोटे असे १९२ नग होते, वजन सुमारे ३०० किलो. त्यातले ३१ नग विकण्याजोगे राहिले नाहीत. ही तूट तीन वेगवेगळ्या कारणांनी आली, आणि त्यातली दोन कारणं भट्टी पेटण्याच्या कितीतरी आधीची होती.

भट्टी

आतला व्यास ५ फूट, माल रचायच्या जाळीपासून वरच्या काठापर्यंत उंची ४ फूट. भिंत एका विटेची, म्हणजे ९ इंची. जुडाई मातीच्या गाऱ्यातली, बाहेरून माती-शेणाचा जाड लेप. एकूण सुमारे १,२०० विटा लागल्या. सिमेंट कुठेही नाही, कारण चार-पाचशे अंशांनंतर सिमेंटची जुडाई भुसभुशीत होऊन सुटते. विटा तापल्या की भिंत बाहेर फुगते, म्हणून मधोमध आणि वरच्या काठाखाली लोखंडी पट्टे आवळले आहेत.

जाळीखाली दोन फूट उंचीची जळणाची पोकळी आहे. मध्ये विटांचा खांब, त्यावरून भिंतीपर्यंत आऱ्यांसारख्या कमानी, आणि कमानींवर तीन-तीन इंचांची भोकं सोडून बसवलेल्या विटा. जळणाचं तोंड एकच, १८ इंच रुंद आणि १६ इंच उंच, पश्चिमेकडे उघडणारं. खानदेशात चैत्र-वैशाखात संध्याकाळनंतर वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो हे गावात लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी तोंड तिकडे ठेवलं, कारण जळण उतरवायला रस्ता त्याच बाजूला होता. या सोयीची किंमत पुढे मोजावी लागली.

वरून भट्टी उघडी असते. रचाई झाली की मोठ्या खापऱ्यांचे दोन थर पालथे घालून त्यावर चिखलाचा लेप देतात आणि सहा झरोके ठेवतात. तापमानासाठी के-प्रकारची दोन थर्मोकपल होती: एक खाली-मागे, म्हणजे पूर्वेच्या भिंतीत जाळीच्या वीतभर वर, आणि दुसरं वर-पुढे, तोंडाच्या बाजूला झाकणाच्या फूटभर खाली. एकाच थर्मोकपलवर विसंबलेल्या भट्ट्या फसवतात. उभ्या झोताच्या भट्टीत खाली जाळ आणि वर ऊब अशी तफावत असतेच, आणि ती किती आहे हे दोन आकड्यांशिवाय कळत नाही.

माती आणि सुकवण

पाचही घरांचा घागरीचा साधारण मेळ असा: नदीचा पोयटा ५ घमेली, काळी माती ३, बारीक वाळू १, चाळलेली लीद किंवा शेण १. मात्र पाचही जण माती वेगवेगळ्या ठिकाणाहून आणतात. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना तितकीच आक्रसते. ओल्या वडीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढून वडी सुकल्यावर मोजली, तर चांगल्या मेळाची रेघ ९.२-९.३ राहते. एका घराच्या मेळात ती ८.८ भरली. तिथे पोयटा कमी पडला होता आणि चिकटपणा येण्यासाठी काळी वाढवली होती. चाकावर अशी माती हाताला गोड लागते, थापीखाली छान पसरते. त्रास सुकताना आणि तापताना होतो.

खापराची माती वेगळी लागते. खापर चुलीवर पालथं बसतं, खालून जाळ आणि वरून ओला मांडा. हा तापमानाचा झटका सोसायचा तर मातीत जाड भर हवी: एक ते दोन मिलिमीटरची वाळू किंवा जुन्या खापऱ्यांचा कुटलेला भुगा, चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त. भरीच्या कणांमुळे मातीत बारीक मोकळीक राहते, त्यामुळे आलेली चीर पुढे धावत नाही, तिथल्या तिथे थांबते. भाजतानाही हीच मोकळीक वाफेला वाट देते. ज्या घराची वडी ८.८ भरली, त्यांनी खापरांनाही घागरीचीच माती वापरली होती. भिंतीची जाडी मात्र १२ ते १४ मिलिमीटर, घागरीच्या दुप्पट.

सुकवणीबद्दल एक गैरसमज आहे. पारा बेचाळीसवर असताना माल कशाला ओला राहील, असं वाटतं. उलट अशा हवेत वरचा पापुद्रा दोन दिवसांत पांढरट होतो आणि आतली ओल अडकून पडते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस माल ओल्या गोणपाटाखाली सावलीत, मग नुसत्या सावलीत, आणि शेवटी दोन दिवस उन्हात पालथा-सुलटा करत ठेवतात. नग सुकला की नाही हे ओळखायचे दोन मार्ग. बूड गालाला लावायचं: गार लागलं तर ओल आहे. किंवा वजन करायचं: एकच नग सकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोलायचा, फरक शेकडा एकच्या आत असेल तरच भट्टीत घ्यायचा. या भाजणीत गालाची परीक्षा ज्याने-त्याने आपापल्या मालाची केली. वजन कुणीच केलं नाही.

रचाई

जड माल खाली, हलका वर, हा सर्वसाधारण नियम. खापरं एकात एक घालून सहा-सहाच्या चार चळती जाळीवर उभ्या केल्या, दोन खापरांमध्ये खापऱ्यांचे तुकडे ठेवून. त्यांच्या मधल्या जागेत माठ पालथे, त्यावर घागरींचे दोन थर, फटींत आणि सगळ्यात वर लोटे. घागर घागरीला टेकते तिथे बोटभर अंतर हवं, नाहीतर त्या जागी काळा डाग राहतो. जाळीच्या भोकांवर काही येणार नाही याची काळजी घेतली होती. प्रत्येक घराने बुडाशी आपली खूण कोरली होती, आणि पुढे ती फार कामी आली.

चूक चळतींची जागा निवडताना झाली. सगळ्यात जाड, म्हणून सगळ्यात हळू सुकणारा माल जाळीलगत गेला, म्हणजे सगळ्यात आधी तापणाऱ्या जागी. वजनाच्या नियमाने ते बरोबर होतं, ओलीच्या नियमाने उलटं. जाड माल खालीच ठेवायचा असेल तर तो बाकीच्यांपेक्षा आठवडाभर आधी घडवलेला हवा.

भाजणी

ठरलेला आराखडा असा होता. संध्याकाळी पाचला तोंडाच्या बाहेर गोवऱ्यांची धग लावायची आणि चार तास १०० अंशांच्या आसपास शेकायचं. नऊला जाळ आत घ्यायचा, ६०० पर्यंत तासाला ८० अंशांनी चढवायचं, पुढे तासाला शंभर-सव्वाशेने ८२० पर्यंत. तिथे पाऊण तास धरून तोंड लिंपायचं. ५७३ अंशांना वाळूतली गारगोटी एकदम किंचित फुगते आणि उतरताना तशीच आकसते, म्हणून ५०० ते ६०० हा टप्पा दोन्ही वेळा सावकाश पार करायचा. त्याच सुमारास, साधारण साडेचारशे ते सहाशेच्या दरम्यान, मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं. एकदा ते गेलं की माती पुन्हा चिखल होत नाही.

शेकण्याच्या टप्प्यात ओल बघायला स्टीलचं ताट वापरतात. थंड ताट झरोक्यावर क्षणभर उलटं धरायचं. त्यावर दव धरलं तर मालातून अजून पाणी येतंय. पुसायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा धरायचं. ताट कोरडं राहीपर्यंत आच वाढवायची नाही. हजारोंच्या मीटरपेक्षा हे ताट जास्त खरं बोलतं, कारण मीटर हवेचं तापमान सांगतो आणि ताट मडक्यातली ओल.

आठ वाजता ताटावर दव होतं आणि खालचा आकडा ९५ होता. त्याच सुमारास वारा वाढला. तोंडाबाहेरची धग सरळ आत ओढली गेली, गोवऱ्या भडकल्या आणि पंचवीस मिनिटांत खालचं थर्मोकपल १८० दाखवू लागलं. मग आतून दबके आवाज आले, एकामागून एक. आतल्या पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. जाड, चिकट, भर नसलेल्या भिंतीतून तिला वाट मिळाली नाही, आणि तिने भिंतच उडवली. तोंडावर पत्रा आडवा लावून आच दाबली गेली, पण तोवर सात खापरं फुटली होती. चळत कोसळल्याने वरच्या चार घागरी तडकल्या.

इथे निर्णयाची वेळ होती. चर्चा होऊन भाजणी पुढे चालू ठेवली गेली. आमच्या मते ती थांबवायला हवी होती. १८० अंशांना मातीत असं काहीच झालेलं नसतं जे परत फिरत नाही. जाळ विझवून सकाळी भट्टी उघडली असती, तुकडे काढून पुन्हा रचली असती, तर एक रात्र आणि थोड्या गोवऱ्या एवढंच नुकसान होतं. चालू ठेवल्याने फुटलेल्या खापरांचे तुकडे तोंडाच्या बाजूच्या जाळीवर तसेच राहिले, तिथली भोकं बुजली, आणि त्या बाजूने वर जाणारा झोत तुटला.

पुढचा जाळ वेड्या बाभळीच्या मनगटाएवढ्या फोडींचा होता. लाकूड तीन महिने वाळवलेलं, त्यामुळे धूर फार नव्हता. बाराच्या सुमाराला ४०० झाले. अडीच वाजता खालचा आकडा ६८० वर येऊन अडला आणि सव्वा तास तिथेच राहिला. जाळ कमी पडतोय असं समजून झोके, म्हणजे एका वेळी तोंडातून घातलेलं जळण, वाढवले गेले, तसा आकडा आणखी दहा अंश खाली आला. लाकडाच्या भट्टीतली ही नेहमीची फसगत आहे. बाभळीचे निखारे जड आणि चिवट असतात. ते जाळीखाली साठत जातात, हवेची वाट अर्धी बंद होते, वरून घातलेलं लाकूड जळण्याऐवजी नुसतं धुमसतं, आणि त्या धुराबरोबर ऊब झरोक्यातून निघून जाते. खूण स्पष्ट असते: झरोक्यांवर काळा धूर, आणि तो विरतच नाही. नीट चाललेल्या भट्टीत झोका दिला की धूर येतो, पाच-सात मिनिटांत विरतो, झरोक्यावर स्वच्छ जिभा दिसतात, आणि मग पुढचा झोका द्यायचा असतो. हा ठेका घड्याळापेक्षा धुराकडे बघून सांभाळायचा.

लांब दांड्याच्या फावड्याने तीन-चार घमेली निखारे बाहेर ओढले, तेव्हा आकडा पंधरा मिनिटांत हलला. निखारे ओढणाऱ्याने अंगात सुती कपडे घालावेत आणि वारा येतो त्या बाजूला उभं राहावं. पाण्याची टाकी हाताशी हवी. पऱ्हाटीचा ढीगही वारा येतो त्याच अंगाला, वीस फुटांवर तरी असावा, कारण वैशाखात एक ठिणगी कडब्याच्या गंजीपर्यंत पोचते.

शेवटचा चढ पऱ्हाटीवर केला. कपाशीच्या काड्या भडकन पेटतात, लांब ज्वाळा देतात आणि निखारे जवळजवळ ठेवत नाहीत. म्हणून मधल्या टप्प्यात त्या निरुपयोगी, पण शेवटच्या शंभर-दीडशे अंशांना त्यांच्यासारखं जळण नाही. बांधावर रचलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी तग धरते, त्यामुळे शेतकरी ती फुकट देतो आणि वर लवकर न्या म्हणतो. सकाळी सातला खाली-मागे ८७० आणि वर-पुढे ६८० असे आकडे होते. १९० अंशांची तफावत. वाऱ्याने जाळ मागच्या भिंतीकडे लोटला आणि पुढची जाळी बुजलेली, दोन्ही मिळून हा फरक झाला. तोंड विटांनी बंद करून लिंपलं. झरोके तासभर उघडे ठेवले, म्हणजे साचलेला धूर निघून घागरींना लाल रंग यावा. मातीतल्या लोखंडाला शेवटी हवा मिळाली तर माती लाल, कोंडली तर काळी. मग झरोकेही बंद केले. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा ८० च्या खाली आल्यावरच भट्टी उघडली.

उघडल्यावर, आणि आठवड्याने

फुटलेले अकरा नग लगेच दिसले. पुढच्या बाजूचे, झाकणालगतचे अकरा लोटे रंगाने फिके होते आणि टिचकीला बद्द वाजत होते. रात्रभर पाण्यात ठेवल्यावर त्यांचा पृष्ठभाग बोटाला बुळबुळीत लागला. हे कच्चे राहिले. असा माल वाया जात नाही, पुढच्या भाजणीत पुन्हा घालता येतो. चिरलेल्या मालाला मात्र दुसरी भाजणी नाही.

तिसरी तूट पाच-सहा दिवसांनी उघड झाली. एका घराच्या नऊ घागरींवर नखाएवढे पोपडे उडाले, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतातच. ते ८०० च्या वर तापले की त्यांचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि वरची माती उडवतो. त्याच घराच्या, त्याच मातीच्या वरच्या थरातल्या घागरी मात्र शाबूत राहिल्या. खुणांमुळे हे कळलं, आणि दोष नक्की कुठे आहे तेही: माती सदोष होतीच, पण तो दोष फक्त ८७० च्या बाजूला प्रकट झाला.

उपाय भट्टीआधीचा आहे. माती पाण्यात कालवून पातळ करायची आणि मच्छरदाणीच्या दुहेरी जाळीतून गाळायची. वाळलेल्या मातीवर आम्ल असलेल्या संडास-क्लीनरचे दोन थेंब टाकले आणि फसफसलं, तर त्या खाणीत चुना आहे. भाजून झाल्यावर घागर कोमट असतानाच पूर्ण पाण्यात बुडवून ठेवली तर लहान कणांचा चुना तिथल्या तिथे विरतो. मोठ्या खड्यांवर याचा उपयोग होत नाही. माती कालवताना मीठ घालण्याचा जुना उपायही चालतो, पण घागरीवर पांढरी झाक येते आणि आखाजीला गिऱ्हाईक लाल घागर मागतं. भट्टी आणखी तापवून, १,००० च्या पुढे नेऊन हा प्रश्न सोडवावा असंही सुचवलं गेलं. घागरीसाठी तो मार्ग चुकीचा आहे: भिंतीतली छिद्रं बुजली की घागर पाझरत नाही, आणि न पाझरणारी घागर पाणी गार करत नाही.

हिशेब

बाभूळ ४५० किलो, पऱ्हाटी सुमारे १३०, गोवऱ्या ६०. मालाच्या किलोमागे दोन किलोंहून जास्त जळण. नव्या भिंतींची ओल आणि अडकलेला सव्वा तास वजा केला तर हे दीड किलोवर यायला हरकत नाही. पैशात बाभळीचे २,७०० रुपये आणि पऱ्हाटीच्या वाहतुकीचे ७००, मिळून ३,४००. वाटणी नगांवर न करता जागेवर केली: एक घागर म्हणजे एक भाग, माठ दोन भाग, खापर अर्धा, आठ लोटे एक. एकूण ८५ भाग, भागाला ४० रुपये. यावर कुणाचीच तक्रार नव्हती.

वाद तुटीवर झाला. सात खापरं एका घराची, पण त्यांच्यामुळे फुटलेल्या चार घागरी दोन दुसऱ्या घरांच्या. चुना ज्याच्या मातीत त्याचा, हे सगळ्यांनी मानलं. कच्चे लोटे सगळ्यांनी मिळून सोसायचे हेही मानलं, कारण भट्टीत कुणाला कुठली जागा मिळावी हे कुणा एकाच्या हातात नसतं. घागरींचं भांडण तसं सुटेना. वाऱ्याने आच भडकली हा भट्टीचा दोष, आणि माल ओला होता हा घराचा. वारा नसता तरी ती खापरं वाचली असती का, हे सिद्ध करता येत नाही. अखेर चार घागरींची निम्मी किंमत खापरवाल्या घराने दिली आणि निम्मी सगळ्यांत वाटली गेली. पण सामाईक भट्टीत आचेचा वेग सगळ्यात ओल्या नगाला बघून ठरवावा लागतो, तेव्हा ओलीची तपासणी खाजगी राहू शकत नाही. पुढच्या भाजणीसाठी म्हणून असं ठरलं आहे: प्रत्येक घराच्या मालातले तीन सगळ्यात जाड नग दुसऱ्या घराने निवडायचे आणि दोन सकाळी तोलायचे. ३,६०० ग्रॅमचं खापर दुसऱ्या दिवशी ३,५६४ च्या खाली गेलं, तर त्या घराची सगळी खापरं बाहेर. तपासणीत पास झालेला माल फुटला तर तूट पाचही घरांची.

भट्टीतही तीन बदल केले जात आहेत. पूर्वेला दुसरं तोंड फोडून दोन्हीकडून आळीपाळीने झोका द्यायचा. पश्चिमेच्या तोंडासमोर तीन फुटांवर पाच फूट उंचीचा विटांचा आडोसा. आणि पोकळीच्या तळाला निखारे ओढायला वेगळी वीतभर उंचीची खिडकी, म्हणजे त्यासाठी जळणाचं तोंड अडवावं लागणार नाही. कच्चे राहिलेले अकरा लोटे पोळ्यासाठीच्या मातीच्या बैलांच्या भाजणीत जाळीलगत, मागच्या बाजूला घालायचे आहेत. एकदा तापलेले असल्याने, नीट सुकवून घेतले की, त्यांना ओलीचं भय कमी, आणि तिथल्या कडक आचेपासून कच्च्या बैलांना ते आडोसाही देतील.